लम्पी त्वचा रोगाचा विषाणू : जनुकीय विविधता आणि रोगतीव्रता यांच्या संबंधाची चिकित्सा

सारांश

इ. स. २०१९ मध्ये भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या आणि २०२२ मध्ये गोवंशाची मोठी हानी करणाऱ्या लम्पी त्वचा रोगाविषयी अल्पावधीतच विपुल संशोधन प्रसिद्ध झाले. विषाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे तंत्र हाती आल्यामुळे या संशोधनाचा भर विषाणूच्या जनुकीय विविधतेवर राहिला. ‘विषाणू बदलला, म्हणून जनावरे अधिक दगावली आणि लस निष्प्रभ ठरली’ असा समज त्यातून रूढ झाला. प्रस्तुत लेखात या समजातील तीन स्वतंत्र विधाने वेगळी करून प्रत्येकामागील पुराव्याचे परीक्षण केले आहे. विषाणूतील विविधता निर्विवाद असली तरी रोगतीव्रतेशी तिचा कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. लसीच्या परिणामकारकतेची कारणे तर बव्हंशी अन्यत्र शोधावी लागतात, असे या परीक्षणातून दिसून येते.

बीजसंज्ञा : लम्पी त्वचा रोग, कॅप्रिपॉक्स विषाणू, जनुकीय विविधता, पुनर्संयोजन, रोगतीव्रता, लसीकरण.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत गोधनाचे स्थान केवळ दुग्धोत्पादनापुरते मर्यादित नाही. कोरडवाहू शेतीत बैलजोडी हे आजही अनेक अल्पभूधारकांचे प्रमुख भांडवल आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंशीय जनावरे होती. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात या रोगाचा प्रादुर्भाव आढळला आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले आणि जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. मृत गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये अर्थसाहाय्य शासनाने दिले. त्या वर्षी देशभरात दगावलेल्या जनावरांची शासकीय नोंद दीड लाखाच्या वर गेली. त्यांतील मोठा वाटा राजस्थानचा होता.

एवढी हानी का झाली, हा प्रश्न पशुपालकांनी, प्रशासनाने आणि संशोधकांनी आपापल्या परीने विचारला. त्याला सर्वांत लवकर मिळालेले आणि सर्वांत अधिक प्रसिद्धी पावलेले उत्तर विषाणूच्या जनुकीय बदलाचे होते. हे उत्तर शास्त्रीय परिभाषेत येत असल्याने ते सहसा तपासून पाहिले जात नाही. वस्तुतः त्यावर पुढील धोरण अवलंबून असते. दोष विषाणूचा मानला तर उपाय प्रयोगशाळेत शोधला जातो. दोष लसीकरणाच्या वेळेचा, शीतसाखळीचा वा नोंदींचा मानला तर तो तालुका पातळीवरील पशुवैद्यकीय दवाखान्यात शोधावा लागतो. म्हणूनच या विषयावरील शोधवाङ्मयाची चिकित्सा ही निव्वळ विद्यापीठीय बाब राहत नाही.

रोगाची ओळख : इतिहास आणि लक्षणे

लम्पी त्वचा रोगाची पहिली नोंद १९२९ मध्ये तत्कालीन उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात झाली. प्रारंभी हा विकार विषारी वनस्पती खाल्ल्याने किंवा कीटकदंशाच्या अतिसंवेदनशीलतेमुळे होतो, अशी समजूत होती. १९४३ नंतर बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिकेत तो झपाट्याने पसरला, तेव्हा त्याचे संसर्गजन्य स्वरूप ध्यानात आले. दक्षिण आफ्रिकेतील त्या साथीत सुमारे ८० लाख जनावरे बाधित झाली. १९५७ मध्ये अलेक्झांडर, प्लोराइट आणि हेग यांनी विषाणूचे प्रयोगशाळेतील संवर्धन प्रसिद्ध केले. ‘नीथलिंग’ हा प्रमाण प्रभेद तेव्हापासून परिचित आहे. १९८८ मध्ये इजिप्तमध्ये, १९८९ मध्ये इस्राएलमध्ये, २०१३ मध्ये तुर्कस्तानात, २०१५ मध्ये ग्रीस व रशियात आणि २०१९ मध्ये बांगलादेश, चीन व भारतात अशी या रोगाची वाटचाल झाली. आफ्रिकेपुरता समजला जाणारा रोग नव्वद वर्षांत आशियाच्या मध्यापर्यंत पोहोचला.

रोगाची लक्षणे सुपरिचित आहेत. संसर्गानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत ताप येतो व तो ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकतो. डोळ्यांतून व नाकातून स्राव वाहतो, खांद्यापुढील व जांघेपुढील लसिका ग्रंथी सुजतात. त्यानंतर मान, पाठ, कास, पाय अशा सर्वांगावर २ ते ५ सेंटिमीटर व्यासाच्या टणक गाठी येतात. गाठी केवळ वरच्या त्वचेत नसून त्वचेखालील थरांत, कधी स्नायूंपर्यंत रुतलेल्या असतात. त्या पिकून गळून पडल्या की खोल जखमा राहतात व त्यांत किडे पडण्याचा धोका असतो. पायांवर व पोळीवर सूज येते, जनावर लंगडते. तोंडात, श्वासनलिकेत व फुफ्फुसात व्रण झाल्यास चारा खाणे व श्वास घेणे कठीण होते. दूध घटते, गाभण गाई गाभडतात, वळूंमध्ये तात्पुरते वा कायमचे वंध्यत्व येऊ शकते. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सामान्यतः १० ते २० टक्के जनावरे आजारी पडतात व मृत्यूचे प्रमाण १ ते ५ टक्के राहते. हा रोग माणसाला होत नाही. त्याचा प्रसार मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्याद्वारे होतो.

या वर्णनातील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रायोगिक संसर्गात सर्वच जनावरांच्या अंगावर गाठी येत नाहीत. साधारण निम्म्या जनावरांतच सर्वांगीण गाठी दिसतात. उरलेल्यांपैकी काहींना केवळ ताप येतो, काहींच्या रक्तात विषाणू असूनही बाह्य लक्षण दिसत नाही. अर्थात रोगाचे नाव ज्या लक्षणावरून पडले, ते लक्षण त्याचा संपूर्ण विस्तार दाखवीत नाही. रोगतीव्रतेविषयीची कोणतीही आकडेवारी वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

जनुकीय विविधता म्हणजे नेमके काय?

लम्पीचा विषाणू पॉक्स कुलातील कॅप्रिपॉक्स प्रजातीत मोडतो. मेंढ्यांची देवी व शेळ्यांची देवी यांचे विषाणू हे त्याचे निकटचे नातलग होत. त्याचा जनुकसंच द्विसूत्री डीएनएचा असून त्यात सुमारे १ लाख ५१ हजार आधारजोड्या व १५६ संभाव्य जनुके आहेत. या तीनही विषाणूंचे जनुकसंच परस्परांशी सुमारे ९६ ते ९७ टक्के जुळतात आणि रक्तजल चाचणीने त्यांच्यात भेद करता येत नाही. डीएनए विषाणूंमध्ये प्रती काढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याची सोय असल्याने त्यांच्यातील बदलांचा वेग आरएनए विषाणूंच्या तुलनेत मंद असतो.

मंद असला तरी तो शून्य नाही आणि बदलाचा मार्गही एकच नाही. एका जनावरात दोन प्रभेद एकत्र आल्यास त्यांच्यात पुनर्संयोजन होऊ शकते. २०१७ मध्ये रशियातील सारातोव्ह येथे आढळलेला विषाणू असाच संमिश्र होता. पुढील तपासात कझाकस्तानात वापरलेल्या एका लसीत नीथलिंगसदृश प्रभेद, केनियातील केएसजीपी-सदृश प्रभेद आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू यांचे मिश्रण आढळले. असे संमिश्र प्रभेद नंतर चीन, व्हिएतनाम व थायलंड येथे पसरले. येथे विविधतेचा उगम केवळ निसर्गात नसून लसनिर्मितीच्या गुणवत्ता नियंत्रणात होता, ही बाब धोरणदृष्ट्या अतिशय महत्त्वाची आहे.

या घटनेने आणखी एक गोष्ट उघड केली. क्षेत्रीय विषाणू व लसीतील विषाणू यांच्यात फरक करणाऱ्या तत्कालीन चाचण्या एकेका जनुकाच्या लहान भागावर आधारलेल्या होत्या. संमिश्र प्रभेदाची तपासणी केली असता एका जनुकावरून तो लसीतील विषाणू ठरे, तर दुसऱ्यावरून क्षेत्रीय. एका खिडकीतून पाहून संपूर्ण घराचे वर्णन करण्याची ही पद्धत होती. पी-३२ सारखे जनुक तर इतके स्थिर आहे की, निदानासाठी ते उपयुक्त असले तरी प्रभेदांचे नाते ठरविण्यास अपुरे पडते. तरीही निवडक जनुकांवरून वंशवृक्ष काढून त्यावर व्यापक अनुमाने बेतण्याची प्रथा शोधनिबंधांत दीर्घकाळ चालू राहिली.

भारतीय संशोधनाची वाटचाल

ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशातील प्रादुर्भावावर प्रसिद्ध झालेला अभ्यास हा भारतीय वाङ्मयातील प्रारंभबिंदू होय. त्यात तपासलेल्या २,५३९ जनावरांपैकी १८२ बाधित आढळली. म्हणजे बाधितांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते आणि एकही मृत्यू नोंदला गेला नाही. निवडक जनुकांच्या अभ्यासावरून हे विषाणू युरोपातील प्रभेदांपेक्षा केनियातील केएसजीपी प्रभेदाला अधिक जवळचे असल्याचे दिसले. या अभ्यासाचे बलस्थान म्हणजे त्यात जनुकीय निरीक्षणाबरोबर बाधित व अबाधित अशा एकूण जनावरांची संख्या दिलेली आहे. आकड्याला छेद असल्याखेरीज प्रमाणाला अर्थ येत नाही, हे साधे संख्याशास्त्रीय तत्त्व त्यात पाळले गेले.

केएसजीपी या प्रभेदाचा इतिहासही उद्बोधक आहे. केनियातून आलेला हा विषाणू दीर्घकाळ मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा मानला जात होता व त्याची लस गुरांनाही दिली जात होती. कालांतराने संपूर्ण जनुकसंच तपासल्यावर तो प्रत्यक्षात लम्पीचाच विषाणू असल्याचे आणि गुरांसाठी पुरेसा क्षीण नसल्याचे स्पष्ट झाले. जनुकीय अभ्यासाचे मोल नाकारता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. प्रश्न मोलाचा नसून त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांचा आहे.

२०२२ च्या साथीनंतर चित्र बदलले. राजस्थानातील नमुन्यांवरील संशोधनात व त्यानंतर बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासात निवडक जनुकांऐवजी संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले. यांपैकी दुसऱ्या अभ्यासात गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान व कर्नाटक यांसह विविध राज्यांतील २२ नमुन्यांचे विश्लेषण झाले व ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विषाणूचे दोन गट आढळले. पहिल्या गटात बदल अल्प असून तो २०१९ च्या रांची व २०२० च्या हैदराबाद येथील प्रभेदांशी मिळताजुळता होता. दुसऱ्या गटात बदलांचे प्रमाण बरेच अधिक होते व त्याचे साम्य २०१५ च्या रशियातील प्रभेदांशी होते. एकूण १,८०० हून अधिक बदल नोंदविण्यात आले आणि ही विविधता साथीच्या तीव्रतेचे कारण असू शकेल, असे संशोधकांनी सुचविले.

या अभ्यासाने भारतात एकाच वेळी दोन वेगळे गट वावरत असल्याचे दाखविले, ही त्याची भरीव देणगी होय. दुसरा गट हा देशातच झालेल्या जलद बदलांतून निर्माण झाला असण्यापेक्षा तो बाहेरून आला असण्याची शक्यता त्याच्या रशियातील साम्यामुळे बळावते. ‘विषाणू बदलला’ आणि ‘दुसरा विषाणू आला’ ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले उत्परिवर्तनाचे, तर दुसरे सीमापार वाहतुकीचे व विलगीकरणाचे विधान आहे. लोकप्रिय मांडणीत मात्र पहिलेच विधान टिकून राहिले.

विविधतेपासून तीव्रतेपर्यंत : सुटलेले दुवे

जनुकीय विविधता हे रोगतीव्रतेचे कारण आहे असे म्हणण्यासाठी किमान तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. प्रथमतः, अधिक बदल असलेल्या विषाणूची बाधा झालेल्या जनावरांत, त्याच परिस्थितीतील अन्य जनावरांपेक्षा, आजार खरोखर तीव्र होता काय? दुसरे म्हणजे, ते बदल ज्या जनुकांत झाले त्यांच्या कार्यात प्रत्यक्ष फरक पडतो काय? आणि तिसरे, तीव्रतेची अन्य कारणे वजा केल्यावर हा फरक शिल्लक राहतो काय?

पहिल्या प्रश्नाबाबत उपलब्ध निरीक्षण क्षेत्रनिहाय आहे. ज्या भागांत विविधता अधिक, त्या भागांत लक्षणे तीव्र होती, असे म्हटले गेले. परंतु क्षेत्राचा गुणधर्म व्यक्तिगत जनावराला लावता येत नाही. त्याच भागात चाराटंचाई, गोशाळांतील दाटी, अन्य रोगांचा उपद्रव किंवा लसीकरणाचा अभाव असू शकतो. नमुन्याबरोबर जनावराचे वय, जात, गाभण अवस्था, लसीकरणाची तारीख, आजाराचा कितवा दिवस आणि अखेरचा परिणाम यांची नोंद जोडलेली नसेल, तर जनुकसंच कितीही अचूक वाचला तरी तो रोगतीव्रतेविषयी मौनच पाळतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत बदलांची संख्या हेच प्रमाण मानण्याची चूक वारंवार होताना दिसते. दीड लाख आधारजोड्यांच्या जनुकसंचात १,८०० बदल हे सर्व एकाच प्रभेदात आहेत असे धरले तरी ते सुमारे १.२ टक्के होतात. यांतील अनेक बदल प्रथिनांच्या रचनेवर परिणाम न करणारे असू शकतात. याउलट यजमानाची प्रतिकारयंत्रणा चुकविणाऱ्या एखाद्या जनुकातील एकच बदल निर्णायक ठरू शकतो. म्हणून बदलांची मोजदाद तीव्रता सिद्ध करीत नाही आणि फेटाळतही नाही. त्यासाठी दोन्ही गटांचे विषाणू सारख्या जनावरांना सारख्या मात्रेत देऊन नियंत्रित प्रयोग करणे हाच सरळ मार्ग आहे. असे प्रयोग खर्चिक असतात आणि त्यांना उच्च जैवसुरक्षेची गोठासुविधा लागते. मात्र प्रयोग कठीण आहे या कारणास्तव अनुमानाला सिद्धतेचा दर्जा देता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नात मृत्यूंच्या नोंदीचा विचार करावा लागतो. अर्थसाहाय्याच्या योजनेमुळे मृत जनावराचा पंचनामा होऊन नोंद होणे स्वाभाविक होते. परंतु दोन दिवस ताप येऊन बऱ्या झालेल्या जनावराची नोंद होण्याचे तसे कोणतेही कारण नव्हते. अंश पूर्ण आणि छेद अपूर्ण राहिल्यास मृत्यूचे प्रमाण वास्तवापेक्षा मोठे भासते. ओडिशातील ७ टक्के बाधित व शून्य मृत्यू आणि २०२२ मधील भीषण आकडे यांची थेट तुलना करताना हा फरक लक्षात घेतला गेला नाही. याचा अर्थ २०२२ ची साथ सौम्य होती असा मुळीच नाही. पशुपालकांच्या दावणीला ती किती भीषण होती, हे सर्वांनी अनुभवले. परंतु ती किती पटींनी तीव्र होती हे निश्चित न करता तिच्या तीव्रतेचे कारण मात्र निश्चित करणे, ही उफराटी पद्धत होय.

लसीच्या अपयशाचा समज

‘लस देऊनही जनावर आजारी पडले’ ही तक्रार गावोगाव ऐकू आली आणि तिचे स्पष्टीकरणही विषाणूच्या बदलातच शोधले गेले. येथे वस्तुस्थिती बारकाईने पाहणे आवश्यक आहे. २०२२ च्या मोहिमेत वापरलेली लस ही लम्पीची नसून शेळ्यांच्या देवीची होती. शेळ्यांच्या देवीचा विषाणू व लम्पीचा विषाणू यांच्यातील अंतर तीन ते चार टक्क्यांचे, म्हणजे लम्पीच्या दोन भारतीय गटांतील अंतरापेक्षा बरेच मोठे आहे. जी लस मुळातच दुसऱ्या विषाणूपासून बनविलेली आहे, तिचे यशापयश लम्पीच्या विषाणूतील लहान बदलांवर अवलंबून असल्याचे सांगणे तर्काला धरून नाही.

बाल्कन प्रदेशाचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे २०१६-१७ मध्ये नीथलिंग प्रभेदाची सजातीय लस व्यापक प्रमाणावर देण्यात आली. लसीतील प्रभेद व तेथील क्षेत्रीय विषाणू वेगवेगळ्या वंशशाखांतील होते. तरीही वर्षभरात प्रादुर्भावांच्या संख्येत सुमारे ९५ टक्के घट झाली. याउलट इथिओपियात झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात शेळ्यांच्या देवीच्या गोर्गन प्रभेदाची लस उपयुक्त ठरली, तर तेथे वापरात असलेल्या नीथलिंग व केएसजीपी लसी अपयशी ठरल्या. ही दोन उदाहरणे एकत्र ठेवली असता ‘जनुकीय जवळीक म्हणजे संरक्षण’ हे समीकरण टिकत नाही. लसीची मात्रा, तिची शुद्धता, शीतसाखळी आणि लसीकरणाची व्याप्ती यांचा वाटा त्याहून मोठा ठरतो.

काळाचा घटकही दुर्लक्षित राहिला. लसीनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, तर रोगाचा अधिशयन काळ साधारणतः एक ते दोन आठवड्यांचा असतो. साथ गावात पोहोचल्यानंतर टोचलेल्या अनेक जनावरांत विषाणूने आधीच प्रवेश केलेला असणार, हे उघड आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात हा रोग पुन्हा उद्भवला तेव्हा वासरांमधील प्रादुर्भाव ठळकपणे जाणवला. त्याच्या स्पष्टीकरणासाठीही नव्या प्रभेदाची गरज भासत नाही. मोहिमेनंतर जन्मलेली वासरे मातेच्या चिकापासून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत गमावतात आणि त्यांना वेळेत लस मिळाली नाही तर ती साथीस बळी पडतात. येथे प्रश्न जनुकाचा नसून लसीकरणाच्या वेळापत्रकाचा आहे.

सजातीय लसीची गरज मात्र यामुळे कमी होत नाही. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने रांची येथील २०१९ च्या प्रभेदापासून विकसित केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिच्या उत्पादनासाठी पुणे येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाधित व लसीकृत जनावरांत भेद करू देणाऱ्या ‘बायोलम्पिव्हॅक्सिन’ या लसीला परवाना मिळाला. या प्रगतीचे मूल्यमापन करतानाही क्षेत्रीय नोंदी तितक्याच काटेकोर असाव्या लागतील.

तुलनेचा आधार : बुळकांडी आणि लाळ-खुरकूत

जनुकीय विविधतेचा अर्थ प्रत्येक विषाणूत सारखा नसतो. बुळकांडीच्या विषाणूच्या एकाहून अधिक वंशशाखा होत्या, तथापि रक्तजलाच्या दृष्टीने तो एकच प्रकार होता. म्हणूनच प्लोराइट यांच्या एकाच लसीने सर्व शाखांपासून संरक्षण मिळाले व २०११ मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. लम्पीच्या विषाणूचे संवर्धन प्रसिद्ध करणाऱ्यांतही प्लोराइट यांचा सहभाग होता, हा योग लक्षणीय आहे. लाळ-खुरकूताची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याचे सात प्रकार असून एकाची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. भारतात प्रामुख्याने ओ, ए व एशिया-१ हे प्रकार आढळतात व लसीत त्यांचा समावेश करावा लागतो. क्षेत्रीय विषाणू लसीतील प्रभेदापासून दूर गेला तर लसीचा प्रभेद बदलणे अपरिहार्य ठरते.

लम्पीचा विषाणू या दोहोंपैकी बुळकांडीच्या जवळचा आहे. त्याचा रक्तजलीय प्रकार एकच आहे आणि तो गतीने बदलणारा विषाणू नाही. असे असूनही त्याच्याविषयीची चर्चा लाळ-खुरकूताच्या, किंबहुना कोरोनाच्या परिभाषेत झाली. २०२० ते २०२२ या काळात ‘नवा प्रभेद’ हा शब्दप्रयोग जनमानसात इतका रुळला होता की, पशुरोगाच्या आकलनावरही त्याची छाया पडली. एका रोगाची परिभाषा दुसऱ्या रोगावर आरोपित करण्यातून घडलेला हा आकलनदोष मराठी विज्ञानलेखनातही दिसतो. त्याची किंमत पशुपालक मोजतो. विषाणू बदलल्यामुळे लसीचा उपयोग नाही असे एकदा मनाने घेतले की, पुढील वर्षी तो जनावर टोचून घेण्यास पुढे येत नाही.

निष्कर्ष

१. लम्पी त्वचा रोगाच्या विषाणूत जनुकीय विविधता असून भारतात २०२२ मध्ये किमान दोन गट वावरत होते, हे संपूर्ण जनुकसंचावरील संशोधनाने दाखविले आहे. निवडक जनुकांवर आधारित पूर्वीच्या अनुमानांचा त्या प्रकाशात पुनर्विचार व्हावा.

२. ही विविधता रोगतीव्रतेचे कारण असल्याचे विधान आज गृहीतकाच्या पातळीवर आहे. क्षेत्रनिहाय साम्य व बदलांची संख्या यांवरून ते सिद्ध होत नाही.

३. लसीविषयीच्या तक्रारींचे स्पष्टीकरण विजातीय लस, लसीकरणाची वेळ, व्याप्ती व वासरांमधील प्रतिकारशक्तीची पोकळी या घटकांनी अधिक समाधानकारकपणे होते.

४. कझाकस्तानातील संमिश्र लसीचे उदाहरण लक्षात घेता, लसनिर्मितीतील शुद्धतेची तपासणी हाच विविधता रोखण्याचाही एक मार्ग आहे.

५. यापुढे प्रत्येक जनुकसंचाबरोबर संबंधित जनावराची रोगनोंद जोडणे बंधनकारक व्हावे. अशी नोंद ठेवण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वय, जात, लसीची तारीख, तापाचे दिवस, गाठींची व्याप्ती, दुधातील घट आणि अखेरचा परिणाम एवढे सात रकाने पुरेसे आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या सहकार्याने हे काम हाती घेतल्यास, अत्याधुनिक प्रयोगशाळांत वाचल्या जाणाऱ्या जनुकसंचाला आज नसलेला क्षेत्रीय संदर्भ प्राप्त होईल.